कबड्डी आणि वादविवाद, दोन्ही एकाच मॅडमकडे

पत्र : मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत गणित शिकवते. आठवी ते दहावी मिळून दीडशेच्या आत पोरं. क्रीडा शिक्षक निवृत्त झाले, जागा रिकामीच आहे. यंदा खेळ आणि वक्तृत्व-वादविवाद दोन्ही माझ्या गळ्यात पडलं. गेल्या वर्षी शाळेनं सात खेळांत नावं दिली आणि सगळीकडून पहिल्याच फेरीत परत आलो. मुलींच्या कबड्डीत दोघी ऐनवेळी जन्मतारखेवरून बाद झाल्या. डिसेंबरातल्या वादविवादात आमची सगळ्यांत हुशार मुलगी मधेच अडकली आणि रडत खाली उतरली. ती आता दहावीत आहे, म्हणते दोन्ही करणार. वडील म्हणतात, दहावी आहे, काहीच नाही. मैदान काळ्या मातीचं. सुरुवात कुठून करू?
– एक शिक्षिका

ताई, आधी सातातले पाच खेळ कापा. मुलींची कबड्डी ठेवा आणि मैदानी स्पर्धेसाठी धावणाऱ्या-फेकणाऱ्या तीन-चार मुली ठेवा. बाकी यंदा नाही. खो-खोसाठी मुली हट्ट करतील, पण सत्तावीस बाय सोळा मीटरचं मैदान, दोन खांब आणि महिनोन् महिने एकत्र बसणाऱ्या-उठणाऱ्या नऊ मुली एका मॅडमच्यानं होत नाही. मुख्याध्यापकांना अहवालात सहभागाचा आकडा मोठा हवा असतो हे कळतं, पण सात खेळांत नाव म्हणजे सात प्रवेशिका, सात वेळा गाडी आणि एकाही खेळाला धड दहा दिवसांचा सराव नाही. एवढं त्यांना स्पष्ट सांगा.

आता वर्षाचं गणित मांडू. आपल्याकडं विदर्भात शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, उन्हामुळं जूनच्या अखेरीस उघडते. शालेय क्रीडा स्पर्धांची तालुका पातळी बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरात, जिल्हा त्यामागून, मग विभाग (तुमचा अमरावती) आणि मग राज्य. म्हणजे शाळा उघडल्यापासून तालुक्यापर्यंत हातात सहा ते आठ आठवडे, त्यातही निम्मे पावसाचे. वक्तृत्व आणि वादविवादाचा हंगाम मात्र वेगळा आहे. १ ऑगस्ट आणि १५ ऑगस्टची शाळेतली भाषणं सोडा, ती तयारीसाठी चांगली. बाहेरच्या करंडकाच्या स्पर्धा लागतात त्या दिवाळीनंतर : २६ नोव्हेंबरचा संविधान दिन, २० डिसेंबर गाडगेबाबांची पुण्यतिथी, २७ डिसेंबर पंजाबराव देशमुखांची जयंती, मग ३ आणि १२ जानेवारी. त्यामुळं एकच मुलगी दोन्ही करू शकते. पाऊस असेतो खेळ, कापूस घरात यायला लागला की भाषण. टक्कर फक्त एकाच ठिकाणी होते, टीम जिल्ह्याच्या पुढं गेली तर. त्यासाठी वादविवादाची तिसरी मुलगी नोव्हेंबरपासूनच तयार ठेवा.

दोघी बाद झाल्या तो प्रश्न मैदानावरचा नाहीच, तो जुलैच्या पहिल्या आठवड्यातला आहे. वयोगट १४, १७ आणि १९ वर्षांखालील, आणि वय मोजतात १ जानेवारीच्या हिशेबानं. सोपी रीत अशी : सत्र ज्या सालात संपतं त्यातून वयोगट वजा करा. २०२५-२६ चं सत्र २०२६ मध्ये संपतं, म्हणून १४ खालच्या गटाला जन्म १ जानेवारी २०१२ किंवा त्यानंतरचा हवा, १७ खालच्याला १ जानेवारी २००९ किंवा नंतरचा. इथंच बहुतेक शाळा फसतात. २८ डिसेंबर २०११ ला जन्मलेली मुलगी जुलै २०२५ मध्ये अजून तेरा वर्षांची असते, आई शपथेवर सांगते तेरा, शाळाही चौदाखालीच नाव देते, आणि ती चार दिवसांनी बाद असते. तिला सतराखाली खेळवायचं होतं. यंदाचं परिपत्रक हातात आलं की तारखा त्यावर ताडून घ्या.

वीस मुलींची एक यादी करा आणि प्रत्येकीसमोर तीन गोष्टी लिहा : दाखल-खारीज रजिस्टरमधली जन्मतारीख, आधारवरची जन्मतारीख, दोन्हीकडचं नाव जसंच्या तसं. आपल्याकडं घोळ बहुतेक वेळा आधारवर असतो. कुठं जन्मतारखेचं फक्त साल छापलेलं, कुठं वडलांच्या नावात काना कमी, कुठं आडनावच वेगळं. तपासणीच्या टेबलावर बसलेल्या माणसाला तुमची मुलगी ओळखीची नसते, तो कागदाशी कागद लावतो. आधार दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून ती जुलैतच, आणि पालकाला सोबत पाठवून. ओळखपत्रावरचा फोटो ताजा हवा, शिक्का अर्धा फोटोवर अर्धा कागदावर. स्पर्धेच्या दिवशी प्रवेशिकेची प्रत, ओळखपत्रं, मूळ आधार आणि बोनाफाईड एका फाइलीत घेऊन जा आणि फाइल स्वतःच्या हातात ठेवा, मुलींच्या दप्तरात नको.

कबड्डीत वजनाची मर्यादाही असते, आकडा परिपत्रकात दिलेला असतो. जुलैत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या काट्यावर सगळ्यांचं वजन घ्या, स्पर्धेच्या आठ दिवस आधी त्याच काट्यावर पुन्हा. जुलैतच दोन-तीन किलो वर असलेल्या मुलीला उपाशी ठेवून आत बसवायचं नाही. तिला गोळाफेकीत घ्या, अंगात ताकद असेल तर तिथं ती जास्त चमकेल.

मैदान. काळी माती पावसात फुगते, तळव्याला गोळे चिकटतात, पाय वळतो आणि उन्हात भेगा पडतात त्यात घोटा जातो. यावर मुरुमाशिवाय इलाज नाही, पण अख्खं मैदान करायची गरज नाही. मुलींच्या कबड्डीचं मैदान १२ बाय ८ मीटर. भोवती एकेक मीटर सोडून १४ बाय १० चा पट्टा धरा. दहा सेंटिमीटर जाडीला चौदा घनमीटर, म्हणजे पाच ब्रास. दबाई झाली की थर बसतो, म्हणून सहा ब्रास सांगा. ग्रामपंचायत किंवा एखादा ट्रॅक्टरवाला पालक हे काम आनंदानं करतो, फक्त पद्धत तुम्ही सांगा. वरची काळी माती आधी दहा सेंटिमीटर काढून टाका. ती न काढता मुरूम ओतला तर पहिल्याच पावसात चिखल खालून वर येतो आणि मुरूम आत जातो, पैसे पाण्यात. मग पाणी मारून रोलर, मधोमध किंचित उंच ठेवून दोन्ही बाजूंना उतार, आणि सगळ्यात वर दोन-तीन सेंटिमीटर चाळलेला बारीक मुरूम. न चाळता टाकलेल्या गिट्टीवर पकड करणाऱ्या मुलींचे गुडघे सोलतात, मग त्या पकडच करत नाहीत. पट्टा तयार होईपर्यंत शाळेचा व्हरांडा आणि गाद्या. पवित्रा, पायांची हालचाल, दम, घोटापकडीचा हात, एवढं तिथंही होतं.

सराव सकाळी. संध्याकाळी एसटी किंवा काळीपिवळी गाठायची असते, त्यामुळं शाळा सुटल्यावरचा सराव कागदावरच राहतो. परिपाठाच्या आधी चाळीस मिनिटं, आठवड्यातून चार दिवस पुरे. आठ मिनिटं अंग गरम करणं, बारा मिनिटं चढाई, बारा मिनिटं पकड, शेवटची आठ मिनिटं चार विरुद्ध तीन असा लहान डाव. रेषांची फक्की रोज मारा. हे मुद्दाम सांगतोय, कारण तालुका पातळीवर मुलींच्या टीमचे गुण समोरच्यांच्या ताकदीपेक्षा स्वतःच्या पायानं जास्त जातात. चढाईवाली अंगावर आली की बचावातली मुलगी मागं सरकते आणि अंतिम रेषेबाहेर पाऊल टाकून बाद होते. कुणी स्पर्श व्हायच्या आधीच राखीव क्षेत्रात, म्हणजे कडेच्या लॉबीत, उतरते, तीही बाद. रेषा न आखता सराव केलेल्या मुलीला पाठीमागं किती जागा आहे याचा अंदाजच येत नाही.

दुसरं दुखणं दमाचं. ‘कबड्डी कबड्डी’ मध्यरेषा ओलांडायच्या आधी सुरू व्हायला हवं आणि पंचाला स्पष्ट ऐकू यायला हवं. उशीर झाला की चढाई परत, वर समोरच्यांना एक तांत्रिक गुण आणि चढाईची संधी. मुली लाजतात, ओठांत पुटपुटतात, किंवा मोठ्यानं भराभर म्हणून दहाव्या सेकंदाला रिकाम्या होतात. घड्याळ लावून आधी जागेवर उभ्या राहून तीस सेकंद, मग अर्धं वाकून तीस, मग पायांच्या हालचालीसह. दहा-बारा दिवसांत जमतं. निदान रेषा ओलांडल्याशिवाय परत येणारी चढाईवाली बाद, हेही रोज सांगा, कारण मुलींच्या मैदानात ती मध्यरेषेपासून तीन मीटरवर असते आणि भित्री मुलगी दोन मीटरवरूनच मागं फिरते. बोनसची रेषा त्यापुढं एक मीटर, आणि बोनस मिळतो समोर सहा किंवा अधिक गडी असतानाच.

पकडीत एकटीनं घुसायचं नाही. उजव्या आणि डाव्या कोपऱ्यात तुमच्या सगळ्यांत धीट दोन मुली, त्यांना लागून हात धरलेली साखळी. घोटा कोपऱ्यातल्या मुलीनं पकडायचा, त्याच क्षणी साखळीनं झाकायचं. एक पकडते आणि बाकीच्या बघत राहतात, तेव्हा चढाईवाली दोघींना ओढून मध्यरेषा गाठते. तीन किंवा कमी मुली उरल्या की खेळ संपला असं मुलींना वाटतं. उलट तेव्हाच पकड केली तर ती अव्वल पकड, दोन गुण. शेवटच्या आठ मिनिटांच्या डावात हीच परिस्थिती मुद्दाम आणा.

दुखापत झाली तर पहिले दोन दिवस चोळायचं नाही. गावात मुरगळलेला घोटा तेल लावून रगडायची हौस मोठी, त्यानं सूज वाढते. थंड पाण्याच्या पट्ट्या, क्रेप बँडेज, पाय उंच, आणि पाय टेकवतच नसेल तर एक्स-रे.

स्पर्धेच्या दिवशीच्या बारीक गोष्टी पटकन सांगतो. नखं कापलेली, अंगाला तेल नाही, कानातलं-बांगड्या घरी. बाली निघत नाही म्हणून पंचांसमोर रडारड होते, ती आदल्या दिवशी घरी काढून घ्या. टी-शर्टवर नंबर पुढं आणि मागं दोन्हीकडं. खाणं सामन्याच्या अडीच-तीन तास आधी, पोळी-भाजी किंवा वरण-भात. मैदानाबाहेरचा आलुबोंडा सामना संपल्यावर. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, असं पाणी पाच-सहा लिटर घरूनच न्या, चमचा चहाचा धरा. ऑक्टोबरच्या उन्हात याची किंमत कळते. बॅगेत सॅनिटरी पॅड ठेवाच, मैदानावरचं शौचालय बहुतेक कुलुपात असतं, किल्ली कुणाकडं आहे ते पोचल्याबरोबर विचारा. गाडी ठरवायच्या आधी एसटीची वेळ बघा. महिलांना अर्धं तिकीट आहे, बारा मुली आणि तुम्ही मिळून भाड्याच्या गाडीच्या मानानं खर्च बराच खाली येतो. पालकांचं संमतीपत्र लेखी घ्या.

आता वादविवाद, आणि तुमची अडकलेली मुलगी. ती हुशार असूनच अडकली, कारण तिनं सगळं भाषण ओळीनं पाठ केलं होतं, हे न बघताही सांगता येतं. ओळीनं पाठ केलेल्या भाषणात एक शब्द निसटला की पुढची ओळ सापडत नाही. लिहून देणारे सरही याला जबाबदार असतात. भाषण सरांच्या भाषेत असतं, ‘तद्वतच’ आणि ‘किंबहुना’ घालून, आणि मुलगी घरी वेगळीच मराठी बोलते. तिचं भाषण तिलाच लिहू द्या, तुम्ही फक्त मुद्दे तपासा.

स्पर्धेचं पत्र आलं की आयोजकांना फोन करून विचारा : वेळ किती, इशाऱ्याची घंटा कधी, खंडनाला वेगळी वेळ आहे का, कागद जवळ ठेवता येतो का. बहुतेक ठिकाणी एका शाळेच्या दोन मुली, एक अनुकूल एक प्रतिकूल, आणि दोघींचे गुण मिळून फिरता करंडक. चार मिनिटांचं भाषण असेल तर ३८० ते ४०० शब्द, त्याहून एकही जास्त नाही. शांतपणे बोलताना मिनिटाला शंभराच्या आसपासच शब्द होतात. सहाशे शब्द लिहिलेली मुलगी शेवटी धावते आणि घंटेनं तुटते, आणि तिचा सगळ्यात चांगला मुद्दा नेमका शेवटी ठेवलेला असतो.

हे चारशे शब्द चार तुकड्यांत करा. प्रत्येक तुकड्याला एक खूणशब्द, चारही खूणशब्द तळहाताएवढ्या कार्डावर. सराव करताना तिला कधीच पहिल्या ओळीपासून सुरू करू देऊ नका. ‘तिसरा तुकडा बोल’, मग ‘दुसरा’. मधेच थांबवा, प्रश्न विचारा, पुढं जायला सांगा. वर्गाच्या खिडकीबाहेर चार पोट्ट्यांना गोंधळ घालायला लावा. अडकली तर ‘मुद्दा असा की’ म्हणून पुढच्या खूणशब्दावर उडी मारायची, मागचं वाक्य शोधत बसायचं नाही. परीक्षकाला तिच्या कागदावर काय लिहिलं होतं ते माहीतच नसतं.

खंडन हा वादविवादाचा जीव, आणि आपल्या शाळा तिथंच रिकाम्या असतात. दोन्ही बाजूंनी तयारी करायला लावा, बाजू ठरलेली असली तरी. एक उदाहरण बसून करा, ‘मोबाईल शाप की वरदान’ सोडून. विषय घ्या, ‘हमीभाव हाच कापूस उत्पादकाचा खरा आधार’. मुलींच्या घरचा विषय आहे, त्यांना बोलता येतं. अनुकूल मुलीनं नेमका आकडा द्यायचा : मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२४-२५ मध्ये क्विंटलला ७१२१ रुपये, २०२५-२६ मध्ये ७७१०. लांब धाग्याचा ७५२१ वरून ८११०. दोन्हीत ५८९ रुपयांची वाढ. ‘हमीभाव दरवर्षी वाढतो’ एवढंच म्हणणाऱ्या मुलीपेक्षा ५८९ म्हणणारी परीक्षकाच्या लक्षात राहते.

प्रतिकूल मुलीनं आकडा खोडायला जायचं नाही, तो खरा आहे. तिनं म्हणावं : ‘माझ्या मैत्रिणीनं सांगितलेला भाव बरोबर आहे. पण तो पूर्ण मिळतो ओलावा आठ टक्क्यांच्या आत असलेल्या कापसाला. पुढं बारा टक्क्यांपर्यंत ओलाव्याच्या प्रमाणात भाव कापला जातो, त्यावर ओलावा असेल तर सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, घेतच नाही. पहिल्या वेच्याचा कापूस ओला असतो आणि दिवाळीचा खर्च दारात असतो. मग तो खेडा खरेदीत, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्याकडं, जातो. आधार कागदावर राहिला.’ यावर अनुकूल मुलीचं उत्तर : ‘म्हणजे अडचण वाळवण्याची आणि खरेदी केंद्राची आहे, भावाची नाही. हमीभाव नसता तर खेडा खरेदीवाल्यानं कोणत्या आकड्यावरून घासाघीस सुरू केली असती?’

रीत लक्षात घ्या. समोरच्याचं म्हणणं एका वाक्यात, प्रामाणिकपणे, न वाकवता सांगायचं. मग तीनपैकी एक : हे खरं नाही, किंवा खरं आहे पण त्यातून हा निष्कर्ष निघत नाही, किंवा खरं आहे पण फार थोड्यांना लागू आहे. समोरची बोलत असताना कागदाच्या डाव्या बाजूला तिचा मुद्दा, उजवीकडं उत्तराचे दोन-तीन शब्द. दोन मिनिटांत दोनच मुद्दे खोडायचे. पाच खोडायला गेलेली एकही खोडत नाही. आवाज चढवणं, बोट दाखवणं, ‘माझ्या विरोधकांना एवढंही माहीत नाही’, यानं गुण जातात. सुरुवातीची शेरोशायरीही कापा, त्यात पाऊण मिनिट जातं आणि मुद्द्याचा एक गुण मिळत नाही.

वडलांचं काय? त्यांना शाळेत बोलावू नका, घरी जा. लेखी वेळापत्रक न्या. कबड्डीचा सराव तालुक्यापर्यंत, आठवड्याला चारदा चाळीस मिनिटं, तोही शाळेच्या आधी. त्यानंतर पुढची फेरी मिळाली तरच. वादविवादाच्या जास्तीत जास्त दोन स्पर्धा, नोव्हेंबर ते डिसेंबरअखेर. जानेवारीत काहीही नाही, पूर्वपरीक्षा आणि फेब्रुवारी-मार्चची बोर्डाची परीक्षा. तारखा कागदावर दिसल्या की बाप ऐकतो. ‘खेळानं व्यक्तिमत्त्व घडतं’ हे वाक्य तिथं चालत नाही. वेचणीच्या दिवसांत मुलगी रविवारी वावरात लागणार असेल तर तो रविवार वेळापत्रकात आधीच मोकळा सोडा, म्हणजे भांडण होत नाही.

ते गुणांचं विचारतीलच. दहावीला क्रीडा सवलतीचे गुण आहेत, पण मान्यताप्राप्त स्पर्धेतली पातळी आणि क्रमांक बघून. गावच्या मंडळाच्या चषकाला मिळत नाहीत आणि तालुक्यावर पहिल्या फेरीत हरल्यालाही मिळत नाहीत. गुण मिळतील असं आश्वासन देऊन परवानगी मिळवू नका. टीम जिल्ह्यात क्रमांकात आलीच, तर प्रमाणपत्र हातात पडताच नाव आणि जन्मतारीख दाखल-खारीजशी जुळते का ते तिथंच बघा. चुकलेलं प्रमाणपत्र त्याच दिवशी बदलून मिळतं, फेब्रुवारीत चकरा माराव्या लागतात. मूळ प्रत मुलीकडं, दोन साक्षांकित प्रती शाळेत, आणि प्रस्ताव शाळेमार्फत जात असल्यानं शेवटची तारीख कार्यालयातल्या बाबूंवर न सोपवता तुमच्या डायरीत लिहून ठेवा.